प्रोस्टेट कॅन्सर आणि व्यायाम: नुसतं चालून भागत नाही, सुरुवात कशी करायची

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला की घरातली सगळी माणसं मिळून रुग्णाला बसवून ठेवायला लागतात. हातातली पिशवी काढून घेतली जाते, दळण आणायला दुसरं कोणीतरी जातं, पहिल्या मजल्यासाठीही लिफ्ट लागते. हे सगळं मायेपोटीच होतं. पण या आजारात बसून राहिल्याने होणारं नुकसान मोठं असतं, आणि ते इतकं सावकाश होतं की कोणाच्या लक्षातही येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. उपचार चालू असलेल्या किंवा नुकतेच संपलेल्या पुरुषांना व्यायाम शिकवणं हे माझं रोजचं काम. हा लेख पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. व्यायाम हा शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा हार्मोनच्या (टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बंद करणाऱ्या) इंजेक्शनला पर्याय नाही. तो त्यांच्या जोडीने करायचा असतो. व्यायाम सुरू केला म्हणून एकही इंजेक्शन चुकवू नका, तपासणीची एकही तारीख पुढे ढकलू नका.

व्यायामाचा उपयोग होतो, हे कशावरून?

२०११ साली अमेरिकेतले दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात, कॅन्सर प्रोस्टेटपुरताच मर्यादित असलेल्या १,४५५ पुरुषांचा मागोवा घेतला होता. आठवड्याला ३ तास किंवा जास्त, आणि तेही झपाझप चालणाऱ्यांमध्ये आजार पुढे सरकण्याचं प्रमाण, रमतगमत आणि ३ तासांपेक्षा कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत ५७ टक्के कमी दिसलं. दुसऱ्या अभ्यासात २,७०५ पुरुष होते. आठवड्याला निदान ३ तास दमवणारा व्यायाम करणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू, असा व्यायाम तासाभराहून कमी करणाऱ्यांपेक्षा ६१ टक्के कमी होते.

आकडे मोठे आहेत, पण ते नीट समजून घ्यायला हवेत. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. जो झपाझप चालू शकतो तो मुळातच जास्त धडधाकट असण्याची शक्यता असते, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. म्हणून मला २०२१ सालचा कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा छोटा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. त्यात ५२ पुरुष होते. सगळ्यांचा कॅन्सर कमी किंवा फार तर मध्यम धोक्याचा होता, आणि उपचार सुरू न करता डॉक्टर फक्त लक्ष ठेवून होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाने १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ट्रेडमिलवर थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ सावकाश असा व्यायाम केला. दुसरा गट नेहमीसारखाच राहिला. व्यायाम करणाऱ्यांचा पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, ज्यावरून या कॅन्सरवर लक्ष ठेवतात) दुसऱ्या गटाच्या तुलनेत कमी राहिला. शिवाय त्यांच्या रक्ताचा अंश प्रयोगशाळेतल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर टाकला, तेव्हा त्या पेशींची वाढही मंदावली.

याचं कारण बरंचसं स्नायूंमध्ये असावं. स्नायू जोर लावून काम करतात तेव्हा ते रक्तात अशी प्रथिनं सोडतात, ज्यांचा परिणाम शरीरभर होतो. इन्सुलिनची पातळी उतरते, अंगात मुरलेली सूज कमी होते, पोटावरची चरबी घटते. कॅन्सरच्या पेशींना वाढायला वातावरण त्यामुळे तितकंसं सोयीचं राहत नसावं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर याच्याही पुढचा पुरावा २०२५ साली आला. शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांपैकी ज्यांना ३ वर्षं शिस्तशीर व्यायाम करायला लावला, त्यांच्यात आजार उलटण्याचं आणि मृत्यूचंही प्रमाण कमी झालं. तो कॅन्सर वेगळा आहे, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. पण व्यायाम हा उपचाराचा भाग म्हणून लिहून द्यावा, या म्हणण्याला त्यामुळे चांगलंच बळ आलं आहे.

पायरी १: आपला आजार कुठे आहे ते जाणून घ्या

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा: कॅन्सर हाडांत आहे का? असेल तर कोणत्या हाडांत? बोन स्कॅनचा किंवा पीएसएमए पेट स्कॅनचा रिपोर्ट फाइलमध्ये असतो, तो फिजिओथेरपिस्टला दाखवा. आपल्याकडे बरेच पुरुष आजार हाडांपर्यंत पोचल्यावरच दवाखान्यात येतात, म्हणून हा प्रश्न पहिला.

त्यानंतर हृदयाचं विचारा. छातीत दुखणं, चालताना धाप लागणं, आधी बसवलेला स्टेंट, बीपी, साखर हे सगळं सांगा. हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. हार्मोनच्या उपचाराने ते उतरतं, आणि ते फार उतरलेलं असेल तर दम लागण्याचं कारण तिथेच सापडतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर ती करायची का, हेही विचारून घ्या.

पायरी २: आजची ताकद मोजा

हाताच्या दांड्या नसलेली, साधारण गुडघ्याच्या उंचीची खुर्ची घ्या. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर, विरुद्ध खांद्यांवर. घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर ३० सेकंद लावायला सांगा. तेवढ्या वेळात पूर्ण उभं राहून किती वेळा परत बसता ते मोजा.

पासष्टी ते चौऱ्याहत्तरीच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे, असं समजतात. पंचाहत्तरीच्या पुढे, ऐंशीपर्यंत, ही मर्यादा ११ आहे. हाताचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर आकडा शून्य लिहायचा. शून्य लिहायला लाजू नका. तोच आकडा तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचा आहे.

पायरी ३: चालणं, पण वेग सांभाळून

सकाळी बागेत गप्पा मारत मारलेली फेरी मनाला बरी असते, ती सोडू नका. मात्र ती व्यायामात धरू नका. वेग असा हवा की चालता चालता एखादं वाक्य बोलता येईल, पण अभंग म्हणता येणार नाही. घड्याळातले ठोके मोजण्यापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत आणि घड्याळ फसवतं.

अजिबात सवय नसेल तर दिवसातून दोनदा १० मिनिटांनी सुरुवात करा. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटं वाढवा. दीड-दोन महिन्यांत सलग ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, एवढं जमायला हवं. म्हणजे जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची १५० मिनिटं झाली.

पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ असतं, फूटपाथ उखडलेले असतात. हाडं विरळ झालेल्या माणसाने तिथे जाऊच नये. इमारतीचं पार्किंग, लांब व्हरांडा, जवळचं मंगल कार्यालय, काहीही चालेल. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सूर्य वर येण्याआधी आटपा. हार्मोनच्या इंजेक्शनमुळे अंगातून अचानक वाफा आल्यासारखं होतं, त्यात उन्हाची भर नको.

पायरी ४: ताकदीचा व्यायाम, जो बहुतेक जण करतच नाहीत

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर पोसल्या जातात. हे १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, आणि त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. म्हणून एक, तीन किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन देऊन हे हार्मोन बंद करतात, किंवा शस्त्रक्रियेने वृषणं काढतात. कॅन्सरला आळा बसतो. पण तेच हार्मोन पुरुषाचे स्नायू आणि हाडं टिकवत असतं. इंजेक्शन सुरू झाल्यावर ४८ आठवड्यांत शरीरातली चरबी साधारण ९ टक्क्यांनी वाढली आणि चरबी वगळता उरणारं, म्हणजे मुख्यतः स्नायूंचं, वजन पावणेतीन टक्क्यांच्या आसपास घटलं, असं एका अभ्यासात मोजलेलं आहे. वजनकाटा फारसा हलत नाही, उलट थोडा वाढतो. घरच्यांना वाटतं प्रकृती सुधारली. प्रत्यक्षात मांड्या बारीक होत असतात, पोट सुटत असतं, साखर चढत असते.

ही झीज चालण्याने भरून निघत नाही. स्नायूला झेपेल त्याच्या थोडं वर ओझं द्यावं लागतं, तेव्हाच तो टिकतो. कॅनडात २००३ साली हार्मोन उपचारावरच्या १५५ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांच्या ताकदीच्या व्यायामाने थकवा कमी झाला. ऑस्ट्रेलियात पर्थच्या एडिथ कॉवन विद्यापीठात २०१० साली ५७ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, चालणं-सायकल आणि वजनं असा जोड व्यायाम १२ आठवडे केल्यावर स्नायू वाढलेसुद्धा, तेही टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नसताना. 'वजनं उचलली तर टेस्टोस्टेरॉन वाढेल आणि कॅन्सर भडकेल' ही भीती मी फार ऐकते. हार्मोन उपचारावरच्या पुरुषांच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. पीएसएही त्याने वाढला नाही.

आठवड्यातून दोन दिवस पुरेत, मध्ये निदान एक दिवस सुट्टी. जिमची गरज नाही. खालचे व्यायाम ज्यांच्या हाडांत आजार नाही त्यांच्यासाठी आहेत. हाडांत असेल तर आधी पायरी ५ वाचा.

खुर्चीतून उठणं-बसणं हा पहिला आणि सगळ्यात कामाचा. हा मी प्रत्येकाला समोर बसवून शिकवते, कारण जवळजवळ प्रत्येक जण तो एकाच पद्धतीने चुकवतो. पाय फार पुढे राहतात, हात आपोआप गुडघ्यांवर जातात, श्वास कोंडला जातो आणि मग झटका देऊन माणूस उठतो. बसताना तर धपकन अंग सोडून देतो. तसं करू नका. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून बसा. पावलं इतकी मागे घ्या की गुडघ्यांवरून खाली बघितलं तर बोटांची फक्त टोकं दिसतील. छाती पुढे झुकवा, तोंडाने श्वास सोडत उठा, वर पूर्ण ताठ व्हा. बसताना मनात एक ते चार मोजत सावकाश खाली या. खाली येतानाचे ते चार अंक मांड्यांना सगळ्यात जास्त काम देतात. शौचालयात, रिक्षात, देवळाच्या पायरीवर रोज लागते ती हीच ताकद.

दुसरा, भिंतीवर जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहा, तळवे खांद्यांच्या रेषेत टेकवा, शरीर फळीसारखं सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्या आणि ढकलून मागे या. सोपं वाटायला लागलं की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून करा.

तिसरा, ओढण्याचा. सर्जिकल दुकानात रबरी व्यायामपट्टा मिळतो. पिवळा हलका, मग लाल, हिरवा, निळा असा तो कठीण होत जातो. खिडकीच्या मजबूत गजाला अडकवा आणि दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा, पाठीवरची खांद्यांची दोन्ही पाती एकमेकांजवळ यायला हवीत.

चौथा, ओट्याला धरून टाचा उचलणं. पाचवा, जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कठडा धरून चढणं-उतरणं, एकाच पायाने दहा वेळा, मग दुसऱ्या. सहावा, दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन घरात दोन-तीन मिनिटं ताठ चालणं. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, तेवढ्यापासून सुरुवात करून तांदळाच्या पिशव्यांपर्यंत जाता येतं. दळण आणायला ज्यांना आता जाऊ देत नाहीत, त्यांचा हा हक्काचा व्यायाम.

पिशव्या सोडून बाकीचे व्यायाम ८ ते १२ वेळा, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा तेवढेच. शेवटचे दोन अवघड गेले पाहिजेत. बारा सहज व्हायला लागले की वजन वाढवा किंवा पट्ट्याचा पुढचा रंग घ्या. वर्षभर त्याच लाल पट्ट्यावर राहिलात तर पहिल्या दोन महिन्यांनंतर फार काही हाती लागणार नाही. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही.

सोबत खाण्याकडे लक्ष द्या. पोहे आणि चहावर स्नायू बनत नाहीत. प्रत्येक जेवणात डाळ-उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यातलं काहीतरी भरपूर असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र किती खायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पायरी ५: हाडांत आजार असेल तर

व्यायाम बंद करायचा नाही, बदलायचा. पर्थमध्येच कॅन्सर हाडांत पसरलेल्या पुरुषांना, ज्या हाडात आजार आहे ते वाचवून बाकीच्या शरीराचा व्यायाम देऊन बघितला. व्यायामामुळे कोणाचं हाड मोडलं नाही, दुखणंही वाढलं नाही. पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होता. तुमचेही पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टसमोरच व्हायला हवेत.

मणक्यात आजार असेल तर कंबरेतून वाकणं आणि पीळ देणं टाळा. सूर्यनमस्कार, पादहस्तासन, वक्रासन बंद. अनेकांची वर्षानुवर्षांची सूर्यनमस्कारांची सवय असते आणि ती सोडणं जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. तरीही बंद. पाण्याची बादली वाकून उचलायची नाही. मांडीच्या हाडात किंवा खुब्यात असेल तर एका पायावर भार, उड्या, पळणं नको, बसून करायची सायकल चालते. बरगड्यांत किंवा खांद्यात असेल तर भिंतीवरचे जोर नकोत, पायांचे व्यायाम करा.

पाठीत नव्याने दुखायला लागलं आणि रात्री झोपल्यावरही थांबत नसेल, पायातलं बळ गेल्यासारखं वाटलं, बैठकीच्या जागी बधिर झालं, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती लक्षणं असतात आणि तिथे तासांना किंमत असते. सकाळपर्यंत वाट बघू नका.

पायरी ६: शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी

चालणं बहुधा दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होतं. जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद, आणि सायकलला सर्जनची परवानगी लागते.

लघवी गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करायचा असतो. लघवीची नळी असेपर्यंत नाही, ती निघाल्यावर. वायू रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळा, लिंगाचं मूळ आत ओढलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. पोट, मांड्या, नितंब सैल. पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना आधी आवळायची सवय लावा. चालू लघवी रोज मधेच थांबवून सराव मात्र करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. बरेच पुरुष याबद्दल बायकोशीही बोलत नाहीत, पॅड लपवून ठेवतात आणि गळेल या भीतीने बाहेर चालायला जाणंच सोडून देतात. मग सगळाच व्यायाम थांबतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पायरी ७: वेग वाढवायचा असेल तर

अल्बर्टाच्या अभ्यासातल्यासारखा जोरकस व्यायाम सगळ्यांसाठी नाही. तीन महिने नीट चालणं झालेलं असावं, हृदयाची स्ट्रेस टेस्ट झालेली असावी आणि हाडांत आजार नसावा. मग आठवड्यातून एक-दोन दिवस, दहा मिनिटं साधं चालून झाल्यावर, एक मिनिट इतकं जोरात चाला किंवा चढ चढा की दोन शब्दांच्या पलीकडे बोलता येणार नाही. नंतर दोन मिनिटं सावकाश. असं चार वेळा. छातीत दाबल्यासारखं, चक्कर किंवा धडधड झाली तर तिथेच थांबा.

पायरी ८: वही आणि पीएसए

एका साध्या वहीत रोज एक ओळ लिहा: किती मिनिटं चाललो, कोणता पट्टा, किती वेळा, थकवा दहापैकी किती. दर तीन महिन्यांनी खुर्चीचा ३० सेकंदांचा आकडा आणि नाभीपाशी कंबरेचं माप. कंबरेचं माप वजनापेक्षा जास्त खरं बोलतं. इंजेक्शनच्या तारखेला ही वही सोबत न्या आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढे ठेवा, कारण इंजेक्शन चालू असताना तुमची ताकद टिकते आहे की जाते आहे हे पीएसएच्या रिपोर्टात दिसत नाही.

आणि पीएसएचं रक्त द्यायच्या आधी दोन दिवस सायकल आणि दमवणारा व्यायाम बंद ठेवा, साधं चालणं चालू राहू द्या. सायकलच्या सीटचा प्रोस्टेटवर दाब येऊन आकडा तात्पुरता वाढू शकतो, आणि मग पुढची तपासणी होईपर्यंत सगळं घर उगाच घोर लावून बसतं.